पार्ट कुठला बदलला?

मंडळी, या शनिवारी कोडबद्दल काही नाही. गाडीबद्दल लिहितोय. खरं तर गाडीच्या निमित्तानं बिलाबद्दल, आणि आपल्याकडच्या बिलात कधीच नसणाऱ्या एका ओळीबद्दल. पण ते पुढे येईलच.

तर झालं असं, की २०२४ च्या मार्चअखेरीस गुड फ्रायडेला जोडून शनिवार-रविवार आला होता. आम्ही साताऱ्याला निघालो होतो, मावसभावाच्या साखरपुड्याला. मी गाडी चालवतोय, शेजारी बाबा, मागे आई आणि आईच्या मांडीवर साड्यांचं गाठोडं. निम्मं पुणं आमच्यासोबतच निघालेलं. शिरवळपर्यंत बरं चाललं होतं, पण खंबाटकी घाटात सगळं ठप्प. साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाट चढावा लागायचा, परत येताना बोगदा होता; त्यामुळे गाडीची जी काही परीक्षा व्हायची ती जातानाच. दहा फूट पुढे, ब्रेक, हँडब्रेक, परत दहा फूट. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आणि दुसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. इंजिन तापलंय.

माझी गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक. तिला तापमानाचा काटा नाही. इंजिन गार असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल दिवा, आणि मधल्या सगळ्या प्रवासात काहीच नाही. म्हणजे लॉगिंगच्या भाषेत डीबग आणि फेटल या दोनच लेव्हल, मधल्या सगळ्या वॉर्निंगा कुणीतरी गिळून टाकलेल्या. :) ज्या गाड्यांत काटा असतो त्यांतल्या बऱ्याच गाड्यांतही तो काटा मुद्दाम आळशी केलेला असतो, हे मला नंतर कळलं. तापमान पंचवीसेक अंशांनी वरखाली झालं तरी काटा आपला मधोमध उभा. कारण काटा हलला की गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला जाऊन डोकं खातं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एसी बंद केला, हीटर फुल्ल केला. (हा वेडेपणा नाही. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओतून घेतो. आईला हे पटवून द्यायला मात्र वेळ नव्हता.) कसंबसं डावीकडे घेऊन इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. मी मागे वळून पाण्याची बाटली घेतोय तोवर बाबा पुढे गेले, खिशातला रुमाल काढला आणि रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडलो असेन. "बाबा, हात नका लावू!" दोन गाड्या पलीकडचे लोकही वळून बघायला लागले.

बाबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी उमेदीची पंधरा वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली. घाटात गाडी तापणार, थांबायचं, चहा प्यायचा, पाणी घालायचं, निघायचं, हा त्यांच्यासाठी प्रवासाचाच भाग होता. फक्त ते पाणी त्यांनी नेहमी चहानंतर घातलं होतं, आणि आज साखरपुड्याची घाई होती. झाकण हे नुसतं झाकण नसतं. त्यात स्प्रिंगची झडप असते, ती आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारनं जास्त होऊ देते. त्या दाबामुळे एरवी १०० अंशांना उकळणारं पाणी ११८-१२० अंशांपर्यंत तग धरतं, कूलंट मिसळलेलं तर आणखी थोडं वर. आता ११० अंशांवरच्या पाण्यावरचा दाब एका क्षणात काढून घेतला तर काय होईल? ते सगळं एकदम उकळून वर उसळेल. बरोबर तोंडावर.

बाबांनी हात काढला, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पाऊण तास थांबून, जाम सुटल्यावर निघालो. गंमत म्हणजे घाट उतरून हायवेला लागल्यावर गाडी एकदम शहाणी. लाल दिव्याचं नाव नाही.

*

यानंतर जे दीड महिना चाललं ते सांगतो.

पुण्यात परत आल्यावर घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. "तापतीये," एवढंच सांगितलं. मिस्त्रींनी एकही प्रश्न न विचारता निदान केलं: "थर्मोस्टॅट काढून टाकू. आपल्या हवेत लागतच नाही तो. परत तापणार नाही बघा." थर्मोस्टॅट काढला, रेडिएटर धुतला, नवीन कूलंट भरलं. १,८०० रुपये. पार्ट 'बदलला' नाही, कमी केला, पण हातात काहीतरी काढून दिलं ना! मेणाची झडप असलेला तो पितळी तुकडा बघून मलाही बरं वाटलं. गुन्हेगार सापडला.

आता थर्मोस्टॅट हा काही परदेशातल्या थंडीसाठी लावलेला दागिना नाही. इंजिन ८२ ते ८८ अंशांच्या आसपास येईपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर त्याच्या कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की इंजिन निवांत गार राहतं, कंप्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते आणि बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. म्हणजे जे टाळायला काढला तेच व्हायचं. पण हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. अकरा वाजता कॉल होता.

दहा दिवसांनी चांदणी चौकाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये परत लाल दिवा.

म्हटलं, आता मोठ्या ठिकाणी जाऊ. काचेचा दरवाजा, टोकन, कॉफी. त्यांनी स्कॅनर लावला. "नो फॉल्ट कोड, सर." एसी चालू करून फॅन दाखवला: "फॅन फिरतोय, बघा." मी वाकून बघितलं. फिरत होता. बिल ५०० अधिक जीएसटी, ५९० रुपये. गाडी ओके आहे असा छापील कागद.

तो कागद खोटा नव्हता, हीच तर अडचण आहे. माझ्यासारख्या अनेक गाड्यांमध्ये कंप्युटर काय करतो, तर पाण्याचा सेन्सर वाचतो, तापमान ठराविक आकड्यापुढे गेलं की फॅनच्या रिलेला हुकूम सोडतो. झालं. फॅन खरंच फिरला का, किती जोरात फिरला, हे त्याला कळायची सोयच नाही. मंत्रालयातून जीआर निघाला, तलाठ्यापर्यंत पोचला की नाही हे कोण बघतंय? फाइलवर सगळं व्यवस्थित. स्कॅनर ती फाइल वाचतो.

आणि 'फॅन फिरतोय' ही टेस्टसुद्धा बघा. आपण युनिट टेस्ट लिहिताना 'नल आला नाही ना, मग पास' असं लिहितो, तशातली. फॅन फिरतोय की नाही हा प्रश्न नव्हता. किती फिरतोय हा होता. पण तेव्हा मीच मान डोलावली होती, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आठवड्याभरात फॅन पूर्णच थांबला. तिसरं गॅरेज. "मोटर गेली." जुन्या मोटरला बॅटरीवरून सरळ दोन वायरी लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. ती न लावता नवीन मोटर आली, ३,२०० रुपये. बसवली. फिरेना! इथे थांबायला हवं होतं. नवीन मोटरही फिरत नाही याचा अर्थ जुनी बहुतेक निर्दोष होती. एक व्हेरिएबल बदलला, रिझल्ट तोच आला, म्हणजे बग तिथे नाही. हे मी रोज आठ तास ज्युनियर पोरांना सांगतो. पण गॅरेजमध्ये उभा राहिलो की माझा मेंदूही पार्किंगलाच लागतो बहुतेक.

"वायरिंगमध्ये कुठंतरी लफडं आहे साहेब. डायरेक्ट करून टाकतो."

डायरेक्ट! हा शब्द मराठी माणसाच्या तांत्रिक आयुष्यातला फार मोठा शब्द आहे. फ्यूज उडतोय? डायरेक्ट करा. पाण्याच्या टाकीचा फ्लोट बिघडला? मोटर डायरेक्ट करा. डायरेक्ट म्हणजे मधे जो कुणी विचार करणारा होता त्याला घरी पाठवायचं. डॅशबोर्डला भोक पाडून एक स्विच बसवला, नवीन वायरी ओढल्या. स्विच दाबला की फॅन चालू. किल्ली काढायच्या आधी आठवणीनं बंद करायचा, नाहीतर बॅटरी बसते. मोटर, स्विच, वायर, लेबर मिळून ४,१०० रुपये. जुनी मोटर त्यांनी भंगारात टाकली, मी 'हो' म्हणालो.

आता हसू नका. आपणही हेच करतो. प्रोसेस रात्री मरते, का मरते ते कुणाला शोधायचं नसतं, म्हणून दर चार तासांनी रीस्टार्ट करणारा क्रॉन जॉब लावून मोकळे होतो. आमच्या कंपनीत असा एक जॉब आहे, तो लावणारा माणूस नोकरी सोडून गेला, जॉब चालूच आहे. हात लावायची कुणाची टाप नाही. तोही डॅशबोर्डमधला स्विचच.

*

मे महिना. फॅन सतत चालू. आणि गाडी परत तापायला लागली, पण आता वेगळ्या पद्धतीनं.

दरम्यान मी ओबीडीचं ब्लूटूथ डाँगल घेतलं होतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं, फोनवर सेन्सरचे आकडे दिसतात. पाण्याच्या तापमानाचा एकच बाइट येतो, त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस. एवढं सोपं. म्हणजे आकडा गाडीला कायम माहीत होता, फक्त मला सांगायचा नाही असं ठरलं होतं! मग काय, आठवडाभर डेटा गोळा केला. पहाटे मोकळ्या हायवेला ८० च्या वेगानं ६८ अंश (थर्मोस्टॅट नाही ना). सिग्नलला उभी असताना हळूहळू १०१ पर्यंत. आणि ४० च्या आसपासच्या वेगानं सिंहगडाचा चढ चढताना थेट १०८, म्हणजे लाल दिव्याच्या उंबरठ्यावर. आधी निदान गाडी चालायला लागली की गार व्हायची. आता चालताना जास्त तापत होती.

मी तीन रंगांचा ग्राफ काढला. सिद्धांत मांडला की वॉटर पंप गेलाय. टीममधल्या एका मित्राला ग्राफ दाखवला. तो म्हणाला, "ग्राफ छान आहे. सिंहगड रोडला एक वायरिंगवाले काका आहेत, त्यांना दाखव."

पत्र्याची शेड, बाहेर रिक्षा आणि टेम्पोंची रांग. काका साठीचे असतील. मी फोन पुढे केला. त्यांनी ग्राफकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं:

"तापती कधी?"

दीड महिन्यात, तीन ठिकाणी, हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मीही स्वतःहून सांगितलं नव्हतं.

"म्हणजे उभी असताना का पळताना? पहिल्यांदा तापली तेव्हाचं सांगा, आत्ताचं नको." मी घाट सांगितला. हायवेला लागल्यावर गार झाली ते सांगितलं. "मग तेव्हा पंपाचा काय संबंध? पंप गेला असता, रेडिएटर चोक असता, तर शंभरनं पळवताना जास्त तापली असती. पळताना गार म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर मोकळा आहे, हवा तेवढी मिळत नव्हती. उभ्या गाडीला हवा कोण देतो? फॅन." आणि मग सहज विचारल्यासारखं: "त्याच्या आधी एसी काय म्हणत होता?"

मी गप्प झालो. कारण आई मार्चच्या सुरुवातीपासून सांगत होती, "अरे, सिग्नलला थांबलं की तुझा एसी गरम वारा टाकतो, चालायला लागलं की गार होतो." एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, दोघांना हवा तोच फॅन देतो. म्हणजे तीन आठवडे आधी, मागच्या सीटवरून, बिघाड नेमका कधी होतो या तपशिलासकट आईनं बग रिपोर्ट केला होता. मी उत्तर दिलं होतं, "आई, उन्हाळा आहे." वर्क्स ॲज डिझाइन्ड. तिकीट क्लोज.

काकांनी डॅशबोर्डवरचा स्विच दाबला. फॅन जोरात फिरायला लागला. मग शेडमधल्या पेपरचं एक पान घेतलं आणि बंपरच्या वर, जाळीपुढे धरून सोडलं. पान चिकटायला हवं होतं, कारण फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि पुढची हवा आत ओढतो. पान उडालं आणि माझ्या छातीवर येऊन बसलं.

"उलटा फिरतोय."

नवीन मोटरची पिन जुळेना म्हणून ती कापून वायरी हातानं जोडलेल्या, आणि त्या अदलाबदल झालेल्या. डीसी मोटर, प्लस-मायनस उलटं की फिरणं उलटं. आता माझा ग्राफ एकदम मराठी बोलायला लागला. गाडी उभी असताना उलटी का होईना, थोडी हवा मिळत होती. ८० ला समोरून येणारा वारा फॅनला हरवत होता. पण ४० ला दोघं तुल्यबळ. वारा आत ढकलतोय, फॅन बाहेर ढकलतोय, आणि मधे रेडिएटर हवेविना उकडतोय. पंपाचा विकत घ्यायला निघालो होतो तो खर्च एका पेपरच्या पानानं वाचवला.

पण काका तिथे थांबले नाहीत. "हे नंतरचं झालं. आधीचं काय होतं ते बघू." सगळी डायरेक्ट वायरिंग सोडवली आणि मूळ कनेक्टरवर आले. मी मोठ्या उत्साहात माझा मल्टिमीटर लावला. एसी चालू, १२.४ व्होल्ट. "सप्लाय आहे काका!" त्यांनी खिशातून दोन वायरी सोल्डर केलेला हेडलाइटचा जुना बल्ब काढला आणि त्याच दोन पिनांना लावला. बल्ब मेल्यासारखा तांबूस लुकलुकला. बस.

माझा बारा हजारांचा फोन आणि दोन हजारांचा मीटर जे सांगू शकला नाही ते एका जुन्या बल्बनं सांगितलं, म्हणून जरा थांबून समजावतो. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वाटेत गंज असला तरी करंटच नाही म्हटल्यावर व्होल्टेज कुठे पडणार? तो पूर्ण १२ दाखवतो. फॅनला मात्र दहाएक अँपिअर लागतात. वाटेत नुसता एक ओहमचा अडथळा असला तरी निम्मे व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, फॅन रेंगाळतो. सर्व्हरला पिंग केला की झकास उत्तर देतो आणि खरा लोड आला की आडवा होतो, तोच प्रकार. काचेच्या दरवाजाच्या ठिकाणी 'फिरत' असलेला फॅन हाच, अर्ध्या ताकदीचा. आणि असा सांधा करंट वाहताना स्वतः तापतो, तापला की आणखी खराब होतो.

सांधा सापडायला तास गेला. मी मधे दोनदा घड्याळ बघितलं. हेडलाइटच्या मागे, बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्टनं कसलेली असते, तिथे. रिंग हिरवी पडलेली, बोल्टखाली गंज. काकांनी बोल्ट काढला, पॉलिशपेपरनं पत्रा चकचकीत घासला, रिंग नवीन लावली, वर ग्रीस. मोटरच्या वायरी सुलट केल्या. एसी लावला. फॅनचा आवाज असा आला, की तो आवाज मी या गाडीत दोन वर्षांत ऐकलाच नव्हता हे तेव्हा कळलं. पेपरचं पान थाडकन जाळीला चिकटलं.

दोन तास झाले होते. काका म्हणाले, "सातशे द्या."

आणि मी, ज्याच्या कंपनीचा क्लायंट माझ्या डीबगिंगचे तासाला डॉलर मोजतो, मी त्यांना म्हणालो, "काका, पण पार्ट कुठला बदलला?"

ते रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले, "काही नाही बदलला. पाहिजे तर टाकून देतो एखादा."

*

मला हेच म्हणायचं होतं. आपण मेकॅनिक लोकांना नावं ठेवतो की हे शोधत नाहीत, नुसते पार्ट बदलतात. पण त्यांच्या बिलात शोधण्याची ओळच नाही, आणि ती आपण ठेवू देत नाही. ३,२०० ची मोटर मी तोंडातून शब्द न काढता घेतली, कारण तिचा खोका होता, तिच्यावर एमआरपी होती. थर्मोस्टॅट काढल्याचे पैसे दिले कारण हातात पितळेचा तुकडा आला. सातशे रुपयांशी घासाघीस करावीशी वाटली, कारण त्या सातशेत दिसायला फक्त घासलेला पत्रा होता. दोन तास डोकं लावून 'तुमचा पंप चांगला आहे' एवढंच सांगणाऱ्या माणसाला जर आपण पैसे देणार नसू, तर तो पंप बदलणारच. त्यालाही घर आहे. तीन गॅरेजांनी मला फसवलं असं मला वाटत नाही. मी जे विकत घ्यायला गेलो होतो तेच त्यांनी विकलं: अकराच्या कॉलच्या आत गाडी हातात.

कुणी म्हणेल, मोठ्या ठिकाणी स्कॅनिंगचे वेगळे पैसे घेतात की. घेतात. पण ते मशिनचे पैसे आहेत, वाचून दाखवायचे. 'तापती कधी?' हा प्रश्न विचारायचे नाहीत.

आणि यात पणाला काय होतं तेही सांगतो, म्हणजे सातशेचा हिशोब जुळेल. हल्लीच्या इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते एकदा नीट तापलं की वाकतं, गॅस्केट उडतं, आणि मग खर्च पाच आकडी. काकांनी तेलाची कांडी काढून दाखवली, तेल कॉफीसारखं दुधट झालं नव्हतं, म्हणजे निदान त्यात पाणी शिरल्याची खूण नव्हती. नशीब. पण ते इंजिनाचं झालं. मला अजून रात्री कधीतरी रुमाल ठेवलेला बाबांचा हात दिसतो.

मी काकांना हजार दिले. त्यांनी तीनशे परत केले. दुसऱ्या दिवशी नवीन थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून आणखी दीड हजार गेले.

तुमच्या गाडीचं असं काही झालं तर पंधरा मिनिटांचा उद्योग घरीच करता येतो. इंजिन चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच सुरू व्हायला हवा. हात लांब ठेवा. फॅन कधीही सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा. पेपरचं पान लावून बघा. फ्यूज बघा. रिलेचा संशय असेल तर शेजारचा त्याच नंबरचा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा असतो, तो अदलाबदल करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि गॅरेजला गेलात तर 'तापतीये' म्हणू नका, कधी तापते ते सांगा. काढलेला पार्ट घरी आणा. माझी चांगली मोटर भंगारात गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२४ च्या दिवाळीत परत साताऱ्याला गेलो. खंबाटकीत परत तसाच जाम, बहुधा त्याच वळणावर. डाँगलचा आकडा ९४, ९५, ९६ असा चढायला लागला. बाबा आकड्याकडे बघत होते, मी बाबांकडे. ९७ ला बॉनेटखालून फॅनचा आवाज आला. ९५. ९३. बाबांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मागून आई म्हणाली, "एसी आज बरा आहे रे."

डॅशबोर्डवर त्या स्विचचं भोक तेवढं राहिलंय. त्यावर काय चिकटवायचं यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.